अप्पांच्या नंबरावरचा कॅमेरा : मुलुंडमधील एका घराचे प्रकरण

मुलुंड पूर्वेला आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या मुलीला सांगितले की, पॅसेजमधला कॅमेरा रात्री मान वळवून त्यांच्याकडे बघतो. काकूंचे वय ७८. आदल्या जुलैत बाथरूममध्ये पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली होती आणि तेव्हापासून रात्रीची झोप तुटक झाली होती. त्यामुळे मुलीने ते बोलणे औषधांच्या खाती जमा केले, पुण्याच्या मुलाने 'आईला भास होत असतील' असे म्हटले, आणि पुढचे आठ-दहा दिवस कोणीही त्या तक्रारीकडे तक्रार म्हणून पाहिले नाही. काकू मात्र एखाद्या साक्षीदाराच्या नेमकेपणाने रोज तेच सांगत राहिल्या : जेवण झाले, दिवे मालवले, की थोड्या वेळाने 'टिक-टिक' आवाज येतो, तो दाराकडे बघणारा डोळा हळूहळू डावीकडे फिरतो, आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन थांबतो.

माझे रोजचे काम एका कार्यालयातील संगणक, खाती आणि त्यांचे अधिकार सांभाळण्याचे आहे, म्हणून शेवटी हे प्रकरण माझ्याकडे आले. कुटुंबाच्या संमतीने ते येथे लिहीत आहे. नावे, कॅमेऱ्याची कंपनी आणि दुकान मुद्दाम सांगत नाही, कारण या घरात जे घडले ते कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याबाबत थोड्याफार फरकाने घडू शकले असते.

कॅमेरा घरात आला कसा

कॅमेरा बसवला होता काकूंच्या यजमानांनी, म्हणजे अप्पांनी, जून २०२१ मध्ये. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मुलांचे येणे-जाणे कमी झाले होते आणि दाराशी कोण येते ते हॉलमध्ये बसून दिसावे एवढाच हेतू होता. स्टेशनजवळच्या एका दुकानातून माणूस आला, त्याने हॉल आणि पॅसेज यांच्या कोपऱ्यात, शू-रॅकच्या वर, मान फिरवणारा एक कॅमेरा ठेवला आणि ॲपमध्ये अप्पांच्या मोबाइल नंबरावर खाते उघडले. ज्यांनी हे कधी केले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : अशा कॅमेऱ्याला घरातल्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड बहुधा फोनच्या पडद्यावरच्या क्यूआर कोडातून कळतो. फोन कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा, कॅमेरा तो कोड वाचतो, आणि त्याच क्षणी कंपनीच्या सर्व्हरवर अशी नोंद होते की हे यंत्र अमुक खात्याच्या मालकीचे आहे. पुढची सगळी सत्ता या नोंदीतून येते. कॅमेऱ्याचे पैसे कोणी दिले, तो कोणाच्या भिंतीवर आहे, बिल कोणाच्या नावाचे आहे, यातले काहीही सर्व्हरला ठाऊक नसते.

अप्पांनी पासवर्ड कॅमेऱ्याच्या खोक्यावर किमतीच्या चिठ्ठीखाली निळ्या बॉलपेनने लिहून ठेवला होता आणि खोके माळ्यावर टाकले होते. इमारतीचे नाव आणि पुढे १२३, असा तो पासवर्ड होता. दुकानाच्या माणसाने चाचणीसाठी हेच खाते आपल्या फोनमध्ये उघडले. मग पुण्याच्या मुलाला, शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मुलीला आणि तेव्हा शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहणाऱ्या भाच्याला अप्पांनी नंबर आणि पासवर्ड फोनवरून सांगितला. ॲपमध्ये 'शेअर' नावाची सोय होती, जिच्यात प्रत्येकाला आपापल्या खात्यावरून कॅमेरा पाहता येतो आणि मालक तो अधिकार केव्हाही काढून घेऊ शकतो. ती कोणीच वापरली नाही. सगळे जण 'अप्पा' म्हणूनच आत शिरत होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अप्पा गेले. त्यांचा फोन कपाटात गेला, प्रीपेड सिमला रिचार्ज करण्याचे कोणाला सुचले नाही. कॅमेरा मात्र चालूच राहिला, कारण एकदा लॉग-इन झालेल्या फोनला रोज ओटीपी लागत नाही. काकू पडल्यावर मुलाने एका फेरीत कॅमेऱ्याची जागा बदलली. शू-रॅकवरून तो पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, अशा उंचीवर गेला की सरळ पाहिले तर मुख्य दरवाजा दिसावा आणि मान वळवली तर काकूंच्या खोलीचा पलंग. रात्रीसाठी सप्टेंबरपासून एक सेविका येऊ लागली, ती पलंगाच्या पायथ्याशी खाली गादी घालून झोपे. या बदलाबद्दल काकूंना किंवा त्या ताईंना कोणी विचारले नव्हते. कॅमेरा जागचा हलला, एवढीच घटना झाली असे सगळ्यांना वाटत होते.

तीन चुकीची निदाने

मुलीने स्वतः एका रात्री राहून पाहिले तेव्हा पावणेअकराला कॅमेऱ्याची मान खरोखरच वळली. मग धावपळ सुरू झाली.

पहिला तर्क हालचालीचा होता आणि तो वाजवी होता. अशा कॅमेऱ्यांत हलणाऱ्या माणसाच्या मागे मान फिरवण्याची सोय असते. ताई पाणी घ्यायला उठल्या असतील, कॅमेरा त्यांच्यामागे गेला असेल. ती सोय बंद केली. दुसऱ्या रात्री मान पुन्हा वळली, तेव्हा ताई गादीवर बसून केस विंचरत होत्या.

दुसरा तर्क, कोणीतरी वाय-फायमध्ये शिरले आहे, हा मुलाचा होता. त्याने पुण्याहून फोनवर सांगून बहिणीकडून राउटरचा पासवर्ड बदलून घेतला. अर्थातच कॅमेरा ऑफलाइन झाला, आणि एक रात्र शांततेत गेली तेव्हा सगळ्यांना वाटले की दुखणे सापडले. दुसऱ्या दिवशी मुलीने आपल्या फोनवर तोच क्यूआर कोडाचा सोपस्कार करून कॅमेरा नव्या वाय-फायवर आणला, आणि तिसऱ्या दिवशी मान वळली. येथे जरा थांबले पाहिजे, कारण मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात हीच समजूत आढळते. वाय-फायचा पासवर्ड ही कॅमेऱ्याला बाहेर बोलू देणारी गोष्ट आहे, कॅमेऱ्याकडे कोणी पाहावे हे ठरवणारी नव्हे. पाहणारा माणूस तुमच्या राउटरमधून येतच नाही. तो कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, खात्याचे नाव सांगतो, आणि सर्व्हर कॅमेऱ्याकडून चित्र मागवून त्याच्या हाती देतो. मुलीने कॅमेरा पुन्हा जोडला तो त्याच जुन्या खात्याला, म्हणजे ज्याला ज्याला कालपर्यंत दिसत होते त्याला त्याला तिने स्वतःच्या हाताने पुन्हा दाखवायला सुरुवात केली.

तिसरा तर्क दुकानाच्या माणसाचा, आणि खरे सांगायचे तर माझाही संशय तिकडेच गेला. असे घडलेले आहे. अमेरिकेतील एडीटी या सुरक्षा कंपनीच्या टेक्सासमधील एका तंत्रज्ञाने जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयात कबूल केले की, कॅमेरे बसवताना तो ग्राहकांच्या खात्यांत स्वतःचा ईमेल पत्ता घालून ठेवत असे. सुमारे दोनशे खात्यांत त्याने साडेचार वर्षांत ९,६०० हून अधिक वेळा डोकावले होते. त्याने कोणतेही कुलूप फोडले नव्हते. खाते उघडताना हजर असलेल्या माणसाने आपल्यासाठी एक जागा राखून ठेवली आणि नंतर ती यादी कोणी वाचली नाही, एवढेच. आपल्याकडे तर 'मी करून देतो, तुम्ही फक्त नंबर सांगा' ही रीतच आहे.

यादी

मी गेलो तेव्हा मुलीच्या फोनवर ॲप उघडेच होते. काहीही बदलण्याआधी खात्याच्या सुरक्षेच्या पानावरील लॉग-इन झालेल्या उपकरणांच्या यादीची छायाचित्रे घेतली, कारण अशा नोंदी एकदा काढून टाकल्या की परत येत नाहीत. मेमरी कार्डातील चित्रीकरण पाहावे म्हटले, तर तेथे निराशा झाली. कार्ड ६४ जीबीचे होते आणि चित्रीकरण अखंड चालू होते. सेकंदाला साधारण एक मेगाबिट या वेगाने दिवसाला पावणेअकरा जीबी भरतात, म्हणजे सुमारे सहा दिवसांत कार्ड भरून जुन्यावर नवे लिहिले जाते. काकूंनी पहिल्यांदा सांगितले तेव्हा कोणी पाहिले असते तर त्या रात्री सापडल्या असत्या. आता त्या पुसल्या गेल्या होत्या.

यादीत सहा उपकरणे होती. मुलाचा फोन, मुलाच्या कार्यालयातील टॅब, भाच्याचा फोन, दुकानाच्या माणसाचा फोन, आणि मुलीचा फोन दोनदा, असे आम्हाला वाटले. दुकानाच्या फोनसमोर शेवटच्या वापराची तारीख जून २०२१ होती. त्या माणसाने चाचणी केली, लॉग-आउट करायचे विसरला, आणि पुन्हा कधी ॲप उघडलेही नाही. संशयिताला असे एका ओळीत निर्दोष ठरवणारी नोंद पाहून मला थोडी शरम वाटली. भाच्याने तीन महिन्यांत पाहिले नव्हते. मुलीच्या फोनच्या दोन ओळी मात्र नीट वाचल्यावर वेगळ्या निघाल्या. कंपनी एकच, नाव एकच, शेवटच्या अंकात एकाचा फरक. एका ओळीसमोर 'आता चालू' होते. दुसऱ्या ओळीसमोर 'काल, रात्री १०:४१'.

"हा माझा जुना," मुलगी म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "हा तर मी दिवाळीत ताईंच्या मुलाला दिला."

देताना तिने सिम काढले होते, फोटो पुसले होते, व्हॉट्सॲप आणि गूगलचे खाते काढले होते, म्हणजे बहुतेक जण करतात त्याहून जास्तच. कॅमेऱ्याचे ॲप दुसऱ्या पडद्यावर 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये, गॅस आणि विजेच्या बिलांच्या ॲपशेजारी राहून गेले होते. एकेक वस्तू हाताने काढत बसण्यापेक्षा फोन सेटिंगमधून पूर्ण रिसेट केला असता तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. ताईंचा मुलगा सातवीत आहे, भांडुपला आजीजवळ राहतो, आणि आई रात्री नऊला कामावर गेल्यावर फोन त्याच्या हाती असतो. ताईंनी त्याला तेथूनच फोन लावला. त्याने काहीही लपवले नाही. एकदा ॲप उघडले तर एक दरवाजा दिसला, बाण दाबले तर चित्र फिरले, फिरवता फिरवता आई दिसली. मग तो रोज झोपण्याआधी आई दिसते का ते बघत असे.

ताईंचा चेहरा उतरला. "ताई, पोर लहान आहे, चूक झाली," असे त्या मुलीला म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात काम जाण्याची भीती आहे हे कोणालाही कळले असते. मुलीने लगेच सांगितले की चूक त्याची नाही, फोन तिने दिला. काकू पलंगावरून म्हणाल्या, "बघा, मान वळवत होता ना." त्यांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले होते.

ज्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही

माझ्या दृष्टीने ते संपले नव्हते. १०:४१ चा धागा लागला तो केवळ उपकरणांच्या यादीमुळे, आणि ती यादी सगळ्या ॲपमध्ये असतेच असे नाही. कोणी काय केले याची नोंद पाहायला गेलो तर प्रत्येक ओळीवर एकच नाव होते : अप्पा. कॅमेरा कोणी वळवला, ऑक्टोबरात तीन तास बंद कोणी ठेवला, एक चित्रफीत कोणी उतरवून घेतली, या सगळ्यापुढे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे नाव. ती चित्रफीत कोणी व कशासाठी उतरवली हे आजही ठाऊक नाही. घरात तसे विचारल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याचा राग आला. एकच पासवर्ड सहा जणांत फिरला की तो फुटण्याचा धोका असतो, हे सगळे जाणतात. पण नंतर खरे विचारायची सोयही त्याच्याबरोबर जाते, आणि घरातल्या माणसांत ही हानी मला मोठी वाटते.

दुसरी गोष्ट अप्पांच्या नंबराची. खात्याचे नाव तोच नंबर होता, म्हणून पासवर्ड बदलण्याआधी मी मुलीला त्या नंबरावर फोन लावायला सांगितले. तिच्या फोनमध्ये तो अजून 'अप्पा' या नावाने होता. व्हॉट्सॲपवर त्या नावापुढे एका लहान मुलाचे, बारशाच्या टोपीतले चित्र आलेले होते. तिने ते पाहिले होते, पण पुसले नव्हते. फोन एका अनोळखी बाईंनी उचलला. नंबर त्यांना आदल्या वर्षी मिळाला होता, आणि 'त्या काकांचे' बिलांचे, विम्याचे मेसेज अजून येतात असे त्यांनी सौजन्याने सांगितले.

यात त्यांचे काहीच चुकले नव्हते. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे माणूस गेल्यावर साधारण सहा महिन्यांत त्याचा नंबर दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. त्या बाईंनी उद्या हेच ॲप घेतले असते आणि आपला नंबर घातला असता, तर ॲपने त्यांना 'हे खाते आधीच आहे' असे सांगून ओटीपी पाठवण्याची तयारी दाखवली असती. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला असता. दोन मिनिटांत त्यांना अगदी प्रामाणिकपणे, वाम मार्गाने न जाता, काकूंचा पलंग दिसला असता. म्हणूनच घरात कोणाच्या हातून 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबले जाऊ नये, असे मी त्याच दिवशी सर्वांना सांगितले. तो ओटीपी आता आपल्याकडे येणार नव्हता.

दुरुस्ती

खोक्यावरचा पासवर्ड चालला, आणि माळ्यावरून खोके काढताना अंगावर पडलेली धूळ कारणी लागली. पासवर्ड बदलला, तरी या ॲपमध्ये आधी लॉग-इन झालेले फोन आपोआप बाहेर पडले नाहीत. यादीतून एकेक काढावा लागला. काही ॲपमध्ये पासवर्ड बदलताच सगळे बाहेर जातात, काहींत जात नाहीत, म्हणून बदलल्यानंतर यादी पुन्हा उघडून पाहणे भाग आहे. आणि ज्यांना 'शेअर' करून अधिकार दिलेला असतो त्यांना मालकाच्या पासवर्डाशी काही देणे-घेणेच नसते, कारण ते स्वतःच्या खात्यातून येतात. त्यांचा अधिकार वेगळा काढावा लागतो.

खात्याचा नंबर बदलता येईना, कारण त्यासाठी जुन्या नंबरावर ओटीपी जात होता. खाते कायमचे पुसण्यासाठीही तेच. त्या बाईंना फोन करून ओटीपी विचारावा, असे भाच्याने सुचवले. मी नको म्हटले. परक्या माणसाला ओटीपी सांगायला लावणे ही सवय आपण आपल्या हाताने कोणाला का लावावी? त्यामुळे खाते टाकून द्यायचे ठरले. मुलाच्या क्रेडिट कार्डावरून वर्षाला कापले जाणारे क्लाउड साठवणुकीचे पैसे थांबवले, कार्डाची माहिती काढली, अप्पांचे नाव आणि छायाचित्र काढले, हवे ते चित्रीकरण उतरवून घेतले, आणि सर्वांत शेवटी त्या खात्यातून कॅमेरा काढून टाकला. आता तेथे एक रिकामे खाते आहे. त्या बाई कधी त्यात शिरल्याच तर त्यांना रिकामी खोली दिसेल.

हा क्रम महत्त्वाचा आहे. अनेकांना वाटते की कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबले की तो कोरा होतो. कॅमेरा कोरा होतो, पण काही कंपन्यांच्या सर्व्हरवरची मालकीची नोंद तशीच राहते. मग नव्या खात्याला जोडायला गेले की 'हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेले आहे' असा संदेश येतो, आणि ग्राहकसेवेकडे बिल आणि बुडाचा अनुक्रमांक पाठवून दिवस मोजत बसावे लागते. आधी जुन्या खात्यातून सुटका, मग पिन. जुना कॅमेरा ओळखीच्याकडून विकत घेणाऱ्याने तर विकणाऱ्याला समोर बसवून ही सुटका करून घ्यावी. मी जाता जाता राउटरही पाहिला. संगणकावर किंवा रेकॉर्डरवर थेट चित्र देणारी आरटीएसपीची वाट काही कॅमेऱ्यांत असते आणि तिचा पासवर्ड ॲपच्या पासवर्डापेक्षा निराळा असतो. येथे ती बंदच होती.

मालक कोण

यावर पाऊण तास गेला. थोरला, म्हणजे पुण्याचा मुलगा, म्हणाला की तो पैसे भरतो आणि रात्री बहुतेक वेळा तोच बघतो, म्हणून खाते त्याच्या नावावर असावे. माझे मत पहिल्यापासून असे होते की ज्याच्या अंगावर कॅमेरा रोखलेला आहे त्याचीच मालकी हवी, म्हणजे काकूंची. त्यांचा साधा बटणांचा फोन आहे, खाते ईमेलवर उघडून ओटीपी त्यांच्या फोनवर यावा, अशी माझी कल्पना होती. मुलीने ती एका वाक्यात मोडीत काढली : "आईने गेल्या वर्षी बँकेच्या नावाने आलेल्या फोनवर दोनदा ओटीपी सांगितला आहे." मला माघार घ्यावी लागली. तत्त्व बरोबर असूनही उपाय चुकीचा होता.

शेवटी मालकी मुलीकडे गेली, पण धाकटी की थोरला, किंवा पैसे कोण भरतो, या हिशेबाने नव्हे. पिन दाबणे, कार्ड काढणे, क्यूआर दाखवणे, ही मालकाची सगळी खरी कामे कॅमेऱ्यासमोर उभे राहूनच करावी लागतात, आणि पुण्याहून येईपर्यंत अर्धा दिवस जातो. जो अर्ध्या तासात त्या पॅसेजमध्ये पोहोचू शकतो त्याने मालक असावे. खाते तिच्या नेहमीच्या ईमेलवर न उघडता केवळ घरासाठीच्या नव्या ईमेलवर उघडले, त्याला दुहेरी पडताळणी लावली, आणि अडीनडीचे कोड कागदावर लिहून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या फाइलीत ठेवले, कारण ती फाइल कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. गूगलची खाती दोन वर्षे वापरली नाहीत तर पुसली जाऊ शकतात, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, म्हणून त्या ईमेलमध्ये अधूनमधून डोकावण्याचे कामही तिच्याकडेच आहे.

थोरल्याला 'शेअर' मिळाले : थेट चित्र पाहणे आणि बोलणे. मान वळवण्याचा अधिकार नाही. त्याला ते आवडले नाही. "मी काय परका आहे का?" असे त्याने विचारले, आणि त्याचे उत्तर मी न देता काकूंनी दिले. "तू दार उघडून येतोस तेव्हा खोकून येतोस. हा खोकत नाही." भाच्याला काढले. तो सहा दिवस बोलला नाही.

काकूंची स्वतःची मागणी एकच निघाली, आणि ती ॲपमध्ये बसणारी नव्हती. अंग पुसताना, कपडे बदलताना आणि दुपारी झोपताना कॅमेरा बंद हवा होता, तोही कोणाला न विचारता. ॲपमधील बंद करण्याची सोय त्यांच्या उपयोगाची नव्हती, कारण ती दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून होती. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून कॅमेऱ्याची वायर पलंगाजवळच्या सॉकेटपर्यंत आणली. त्या सॉकेटचा स्विच काकूंच्या उजव्या हाताशी आहे. कॅमेराही पुन्हा शू-रॅकच्या वर गेला. तेथून दरवाजा आणि पॅसेजची फरशी दिसते, पलंग मान वळवूनही दिसत नाही.

ताईंबद्दल

कुटुंबाला सर्वांत अवघड गेले ते हे. बारा-बारा तास त्या बाईंवर कॅमेरा होता आणि त्यांना तो 'दारासाठी आहे' एवढेच ठाऊक होते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे येथे त्याचा आधार नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई मात्र घरातही लागू आहे : संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचे चित्र टिपल्यास किंवा पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या घरात काकूंचे अंग पुसले जात असतानाचे चित्रीकरण दिवसेंदिवस कार्डावर साठत होते, आणि सहा उपकरणांतून ते कोणीही उतरवू शकत होते. पुढे २०२५ मध्येच कलकत्ता उच्च न्यायालयाने एका घराच्या प्रकरणात सहनिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणे हा खासगीपणाचा भंग ठरवला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बदलला नाही. आम्ही बसलो होतो तेव्हा हे मुलीला माहीत असते तर थोरल्याशी तिचा वाद कदाचित लवकर संपला असता.

ताईंना मुलीने कॅमेऱ्यात काय दिसते ते आपल्या फोनवर दाखवले, ते चित्रीकरण किती दिवस राहते आणि कोण कोण पाहते ते सांगितले, आणि सेविका पाठवणाऱ्या ब्युरोच्या कागदावर तशी एक ओळ लिहून दोघींनी सह्या केल्या. त्यांच्या मुलाच्या फोनमधले ॲप काढले. त्याऐवजी ताई रात्री साडेनऊला पॅसेजमध्ये जाऊन त्याला व्हिडिओ कॉल लावतात. काकूंना दोन-तीन वेळा त्याने पाढे म्हणून दाखवले आहेत.

हे लिहिण्याआधी मी मुलीला परवानगीची यादी उघडायला सांगितली. मालक एक, शेअर दोन : थोरला, आणि एप्रिलमध्ये काकूंच्या सांगण्यावरून परत घेतलेला भाचा. नोंदींत रोज दुपारी दोन ते चार कॅमेरा ऑफलाइन असल्याचे दिसते. सुरुवातीला थोरल्याचा सव्वादोनला न चुकता फोन येत असे, 'कॅमेरा बंद का आहे' म्हणून. आता तो चारनंतर करतो.